छपरावरचा पाऊस

मृग नक्षत्राची चाहूल लागली की घरोघरी पावसाळ्याची तयारी सुरू होते. कौले शाकारली जातात, पत्र्यांची भोके डांबराने बुजवली जातात, गच्चीच्या भेगा सिमेंटने भरल्या जातात, पन्हळीत अडकलेला पालापाचोळा काढून टाकला जातो. या सगळ्या खटपटीमागे एकच हेतू असतो. आकाशातून पडणारे पाणी घरात शिरू नये, ते लवकरात लवकर छपरावरून उतरावे आणि अंगणाबाहेर निघून जावे. चार महिने आपण पाण्याला घराबाहेर घालवण्यात गुंतलेले असतो आणि उरलेले आठ महिने तेच पाणी घरात आणण्यासाठी धडपडत असतो. पावसाळ्यात ज्या रस्त्यावरून आपल्या घराचे पाणी वाहून गेले, त्याच रस्त्यावर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे-कळशांची रांग लागते.

या विसंगतीचा विचार आपण क्वचितच करतो. पाणी म्हणजे नदी, धरण, नळ आणि विहीर, असे आपल्या मनात पक्के बसले आहे. वास्तविक नदीत, धरणात आणि विहिरीत येणारे पाणी मुळात पावसाचेच असते. तो पाऊस आपल्या छपरावरही पडतो. मग त्याला दूर जाऊ द्यायचे, तेथे कोणीतरी अडवायचे आणि पुन्हा नळाने किंवा टँकरने आपल्या दारी आणायचे, हा लांबचा फेरा कशासाठी? माझे मत असे आहे की, पाणी साठवण्याची पहिली जागा आपले घर ही आहे. सरकारने केलेले कायदे आणि योजना आवश्यक आहेतच. परंतु छपरावरचे पाणी सांभाळण्याची सवय जोपर्यंत घरातील माणसांच्या अंगी बाणत नाही, तोपर्यंत कायद्याने बसवलेल्या नळ्या कोरड्याच राहतील.

आपल्या छपरावर पाणी पडून पडून किती पडणार, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर सोप्या हिशेबाने मिळते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी जमते. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे गणित कोणालाही मांडता येईल. पाच माणसांच्या एका लहानशा घराचे छप्पर ३० चौरस मीटर, म्हणजे सुमारे सव्वातीनशे चौरस फूट आहे, असे समजू. पुण्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तीस गुणिले सातशे म्हणजे २१,००० लिटर. यातील काही पाणी छपरात मुरते, काही उडून जाते, काही वाऱ्याने बाहेर फेकले जाते. शंभरातील ऐंशी भाग हाती लागले, असे धरले तरी १६,८०० लिटर पाणी या लहानशा छपरावरून मिळू शकते.

हे पाणी पुरेल का? पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दर माणशी दिवसाला सात लिटर धरले, तर पाच जणांना रोज ३५ लिटर लागतात. पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांचे सुमारे २४० दिवस होतात. त्यासाठी ८,४०० लिटर पाणी हवे. याचा अर्थ, एखाद्या वर्षी पाऊस निम्माच पडला, तरी या कुटुंबाच्या पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी त्याच्या डोक्यावरच्या छपरातून मिळू शकते. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटरहून थोडे अधिक खोल असे टाके त्याला पुरेसे आहे.

मात्र हिशेब प्रामाणिकपणे पुरा करायला हवा. अंघोळ, धुणे, भांडी आणि शौचालय यांचा वापर धरून माणशी ५५ लिटर पाणी लागते, असे मानले तर पाच जणांना दिवसाला २७५ लिटर लागतील. त्या वापराने १६,८०० लिटर पाणी दोन महिन्यांत संपेल. तेव्हा छपरावरच्या पावसाने घराची सगळी तहान भागेल, असा दावा कोणी करू नये. परंतु ज्या पाण्यावाचून एक दिवसही निभाव लागत नाही, ते पिण्याचे पाणी छप्पर देऊ शकते. उरलेल्या पाण्यासाठी विहीर, नळ आणि नदी आहेतच.

पाण्याची टंचाई ही केवळ कमी पावसाची करणी आहे, असाही एक समज आपल्याकडे रूढ आहे. भारताचा नकाशा समोर ठेवला तर तो टिकत नाही. मेघालयातील चेरापुंजी, म्हणजे आताचे सोहरा, येथे वर्षाला सरासरी सुमारे ११,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही हिवाळा सरता सरता तेथील लोकांना पाण्यासाठी लांब चालावे लागते. आपल्या कोकणाची कथा वेगळी नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. परंतु जांभ्या दगडाची भूमी पाणी धरून ठेवत नाही, उतारावरून ते समुद्राला मिळते आणि वैशाखात अनेक वाड्या टँकरकडे डोळे लावून बसतात.

याच्या नेमके उलट चित्र राजस्थानच्या थर वाळवंटात दिसते. जैसलमेरच्या परिसरात वर्षाला दोनशे मिलिमीटर पाऊसही मुश्किलीने पडतो. तेथील लोकांनी पिढ्यानपिढ्या घराजवळ जमिनीखाली गोल टाकी बांधली. त्यांना ते ‘टांका’ किंवा ‘कुंड’ म्हणतात. टाक्याभोवतीचे उतरते अंगण चोपून गुळगुळीत केलेले असते. त्याला ‘आगोर’ असे नाव आहे. पावसाचा प्रत्येक थेंब या अंगणावरून टाक्यात उतरावा, म्हणून ते झाडून स्वच्छ ठेवतात आणि त्यावर पायताण घालून कोणी जात नाही. अनुपम मिश्र यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘राजस्थान की रजत बूँदें’ या हिंदी पुस्तकात या शहाणपणाची सविस्तर नोंद केली आहे. थेट पावसातून मिळालेल्या पाण्याला तेथील बोलीत ‘पालर पानी’ असे स्वतंत्र नाव आहे, हेही त्यांनी सांगितले आहे. ज्या समाजाने पावसाच्या पाण्याला स्वतःचे नाव दिले, त्याने त्याची किंमतही ओळखली होती.

ही समज एकट्या राजस्थानची नव्हती. मिझोरममधील ऐझॉल हे शहर डोंगराच्या कण्यावर वसले आहे. तेथे पत्र्याच्या उतरत्या छपराखाली पन्हळ आणि पन्हळीखाली टाकी, हे घराचेच अंग मानले जाते. अहमदाबादच्या जुन्या पोळांमधील घरांत चौकाखाली टाके असे आणि गच्चीवरचे पाणी त्यात उतरवले जाई. पोरबंदर येथील महात्मा गांधींच्या जन्मघरातही पावसाचे पाणी साठवण्याचे असे भूमिगत टाके आहे. महाराष्ट्राला तर या विद्येचा वारसा दोन हजार वर्षांचा आहे. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत भिक्षूंच्या निवासाशेजारी खडकात कोरलेली टाकी आहेत. डोंगरावरून ओघळणारे पाणी त्यांच्यात जमावे, म्हणून खडकात पन्हळी खोदल्या आहेत. कान्हेरी, नाशिक आणि जुन्नर येथील प्राकृत शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. टाके खोदून देणाऱ्या दात्याची नोंद दगडात कोरून ठेवावी, इतके ते पुण्याचे काम होते. पुढच्या काळात सह्याद्रीच्या गडांवर शिबंदी वर्षभर राहू शकली, ती याच विद्येच्या आधारावर. सभोवती शत्रूचा वेढा पडला असताना गडावर टाकी आणि तलाव भरलेले असणे, म्हणजे तग धरण्याची शाश्वती असणे होय.

आपल्या भाषेतही या जुन्या नात्याच्या खुणा आहेत. छपराच्या कडेवरून गळणाऱ्या पाण्याच्या धारांना मराठीत ‘पागोळ्या’ म्हणतात. त्या जेथे पडतात, ती छपराच्या कडेखालची जागा म्हणजे ‘वळचण’. छपराचे पाणी गोळा करून नेणारी ती ‘पन्हळ’. पूर्वीच्या घरांत पागोळ्यांखाली घंगाळे, पातेली, हंडे मांडून ठेवण्याची रीत होती. आज हे शब्द अनेकांना पुस्तकातच भेटतात. घराची बांधणी बदलली, गच्चीचे पाणी भिंतीतल्या नळीतून गुपचूप गटारात जाऊ लागले आणि वस्तूबरोबर शब्दही विस्मरणात चालले.

हे विस्मरण का घडले? त्याचे मुख्य कारण नळ हे आहे. येथे कोणी गैरसमज करून घेऊ नये. नळाने घरातील स्त्रीच्या डोक्यावरचा हंडा उतरवला, रोगराई कमी केली, दिवसाचे कित्येक तास मोकळे केले. नळाचे हे उपकार मोठे आहेत. परंतु नळाबरोबर एक भ्रमही घरात आला. तोटी फिरवली की पाणी येते, तेव्हा पाणी तोटीतूनच उत्पन्न होते, असे मनाला वाटू लागले. त्यामागची धरणे, पंप, वीज आणि शेकडो किलोमीटरच्या नळ्या नजरेआड राहिल्या. मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेले इंदूर शहर १९७८ पासून सुमारे ७० किलोमीटर अंतरावरच्या नर्मदेचे पाणी डोंगर चढवून आणते. त्या पाण्यासाठी रात्रंदिवस पंप चालवावे लागतात. आणि त्याच इंदुरात दरवर्षी जो पाऊस कोसळतो, त्यातील बराचसा गटारांतून निघून जातो.

अशा व्यवस्थेचा धागा तुटला म्हणजे काय होते, हे लातूरकरांनी अनुभवले आहे. सलग काही वर्षे पाऊस कमी झाल्याने २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराचे पाणी संपले. त्या वर्षीच्या एप्रिलपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरील मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आणले आणि पुढे एका खेपेत पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. ती गाडी आली नसती तर लोकांचे अपार हाल झाले असते. परंतु आगगाडीने पाणी आणणे हा संकटकाळचा उपाय झाला. तो कोणत्याही शहराचा नित्यक्रम होऊ शकत नाही.

सरकारने घरोघरी पाऊस साठवणे सक्तीचे करावे, म्हणजे प्रश्न सुटेल, असे काही जण म्हणतात. या विचारात तथ्य आहे. पण ते अर्धेच आहे. २००३ मध्ये तमिळनाडू सरकारने राज्यातील जुन्या-नव्या सर्व इमारतींना छपरावरील पाणी साठवणे किंवा जमिनीत मुरवणे बंधनकारक केले. देशातील हा एक धाडसी निर्णय होता. त्यानंतरच्या काही वर्षांत चेन्नईतील अनेक विहिरींची पातळी वर आल्याचे दिसले. पण पुढे काय झाले? अनेक ठिकाणी नळ्या तुटल्या, गाळण्याचे खड्डे मातीने भरले, आणि तपासणी होऊन गेल्यावर त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. डिसेंबर २०१५ मध्ये त्याच चेन्नईला महापुराने वेढले आणि जून २०१९ मध्ये तिला पाणी पुरवणारे चारही मोठे जलाशय जवळजवळ आटले. त्या जुलैमध्ये चेन्नईलाही रेल्वेने पाणी आणावे लागले. बंगळूरमध्ये असाच कायदा २००९ मध्ये झाला. तरी २०२४ च्या उन्हाळ्यात तेथील असंख्य कूपनलिका कोरड्या पडल्या. भरमसाट उपसा, बुजवलेले तलाव आणि काँक्रीटने झाकलेली जमीन ही या संकटांची मोठी कारणे आहेतच. म्हणून कायदा निरर्थक ठरला, असे मी म्हणणार नाही. कायद्याने नळी बसते. त्या नळीतला पाला काढण्यासाठी मात्र दरवर्षी कोणीतरी छपरावर चढावे लागते. हे ‘कोणीतरी’ घरातलेच माणूस असले पाहिजे. ते नसेल, तर छप्पर हा पालथा घडा ठरतो आणि त्यावर कितीही पाऊस पडला तरी व्यर्थ जातो.

हे काम अवघड आहे का? मुळीच नाही. त्यासाठी यंत्रांपेक्षा शिस्त अधिक लागते. पावसाळ्याच्या तोंडावर छप्पर किंवा गच्ची झाडून धुऊन घ्यावी. छपराच्या कडेला पन्हळ बसवावी आणि तिला टाकीच्या दिशेने किंचित उतार द्यावा. पन्हळीच्या तोंडाशी जाळी लावावी, म्हणजे पाने व काड्या आत जाणार नाहीत. हंगामाच्या पहिल्या एक-दोन सरींचे पाणी साठवू नये. त्यात छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. ते बाहेर सोडण्यासाठी नळीला वेगळी तोटी ठेवावी. त्यानंतरचे पाणी खडी, जाड वाळू, बारीक वाळू आणि कोळसा यांच्या थरांतून गाळून टाकीत घ्यावे. टाकी झाकलेली आणि आतून अंधारी असावी. उजेड पोहोचला की शेवाळ धरते आणि फट राहिली की डास अंडी घालतात. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. त्यामुळे हवा जाण्याच्या नळीलाही बारीक जाळी हवी. पिण्याचे पाणी उकळून किंवा आरोग्य कर्मचाऱ्याने सांगितलेल्या प्रमाणात क्लोरिन घालून मगच वापरावे. गवताने शाकारलेल्या, ॲस्बेस्टॉसच्या किंवा शिशाचा रंग दिलेल्या छपरावरचे पाणी पिण्यासाठी घेऊ नये. ते धुण्यासाठी, झाडांसाठी आणि शौचालयासाठी वापरता येते.

टाकी भरल्यावर वर आलेले पाणीही वाया घालवू नये. ते गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडले की भूजल वाढते. यालाच पुनर्भरण म्हणतात. केरळच्या त्रिशूर जिल्ह्यात २००८ पासून छपरांवरचे पाणी घरच्या विहिरींत सोडण्याची ‘मळपोलिमा’ नावाची मोहीम राबवली गेली. केरळात जवळजवळ प्रत्येक परसात विहीर असते; तिला तिच्याच घराचे पाणी परत देण्याची ही कल्पना आहे. आपल्याकडेही ज्यांच्या परसात आड किंवा विहीर आहे, त्यांना हे सहज करता येईल. मात्र अंगणातले, गोठ्यातले किंवा रस्त्यावरचे गढूळ पाणी न गाळता विहिरीत सोडणे, म्हणजे पिण्याच्या पाण्यात आपल्या हाताने रोग कालवणे होय.

या विचारावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांची उत्तरे देणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप खर्चाचा आणि जागेचा. आठ-साडेआठ हजार लिटरचे पक्के टाके बांधणे प्रत्येकाला परवडणार नाही, हे खरे. पण सुरुवात टाक्यापासूनच करावी लागते, असे नाही. दोनशे लिटरचे एक झाकणाचे पिंप वळचणीला ठेवले, तर तीस चौरस मीटरच्या छपराखाली ते आठ-नऊ मिलिमीटर पावसात, म्हणजे एका चांगल्या सरीत भरते. पावसाळ्यापुरते धुण्या-भांड्यांचे पाणी त्यातून भागले, तरी विहिरीच्या किंवा सार्वजनिक नळाच्या तेवढ्या खेपा वाचल्या. बहुमजली इमारतींचा हिशेब वेगळा आहे. पाचशे चौरस मीटर गच्चीखाली शंभर कुटुंबे राहत असतील, तर सातशे मिलिमीटर पावसात प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला जेमतेम आठ लिटर पाणी येते. तेथे स्वतंत्र टाक्यांपेक्षा सर्वांनी मिळून ते पाणी सामायिक विहिरीत किंवा कूपनलिकेजवळ मुरवणे अधिक योग्य ठरते.

दुसरा आक्षेप शुद्धतेचा. साठवलेले पाणी पिण्याजोगे असते का, असे विचारले जाते. वरील काळजी घेतली, तर असते. शिवाय ज्या गावांत खोल कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड अधिक असते, तेथे पावसाचे पाणी हा मोठा आधार आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आले, तर दात पिवळट-तपकिरी होतात आणि पुढे हाडेही वाकतात. उकळून फ्लोराइड जात नाही. पावसाच्या पाण्यात ते जवळजवळ नसतेच.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाणी पुरवणे हे शासनाचे कर्तव्य असताना त्याचा भार गरिबाच्या घरावर का टाकायचा? हा प्रश्न विचारणाऱ्यांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये घोषित झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण घराघरांत नळाने माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते पूर्ण झालेच पाहिजे. छपरावरच्या पाण्याकडे बोट दाखवून कोणत्याही ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला आपली जबाबदारी झटकता येणार नाही. परंतु नळ बसला म्हणजे पाणी आले, असे होत नाही. ज्या विहिरीवर किंवा कूपनलिकेवर योजना उभी आहे, ती चैत्रात आटली तर नळ भिंतीवर शोभेपुरता उरतो. उगम जिवंत ठेवायचा तर गावातील प्रत्येक छपराने आपले पाणी जमिनीला परत दिले पाहिजे. घरातले टाके हे नळाचे वैरी नसून त्याचे सोबती आहे.

या संदर्भात न्यायाची एक बाजू मला महत्त्वाची वाटते. जबाबदारी छपराच्या आकारानुसार असावी. ज्याचे छप्पर मोठे, त्याचे कर्तव्य आधी. शाळा, सरकारी कचेऱ्या, देवस्थाने, मंगल कार्यालये, कारखाने, गोदामे यांची छपरे विस्तीर्ण असतात. एक हजार चौरस मीटरच्या छपरावरून सातशे मिलिमीटर पावसात ५ लाख ६० हजार लिटर पाणी मिळू शकते. कायद्याची तपासणी तेथून सुरू व्हावी आणि ती दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व्हावी. झोपडीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला दंड करून काहीच साधणार नाही. त्याला पिंप, पन्हळ आणि जाळी यांसाठी साहाय्य दिले पाहिजे.

हा विषय केवळ लिटर आणि मिलिमीटरचा नाही, हेही लक्षात घ्यावे लागेल. आपल्या समाजात पाणी भरण्याचे काम बहुतेक ठिकाणी बायका-मुलींच्या वाट्याला आले आहे. पाण्याची वेळ आणि शाळेची वेळ एकच आली, तेव्हा कितीतरी मुलींच्या हातातून पाटी सुटली आणि डोक्यावर हंडा आला. हे पुस्तक हाती घेऊन शिक्षणाची वाट पुन्हा चालू पाहणाऱ्यांमध्येही अशा अनेक जणी असतील. त्यांना या गोष्टीची किंमत कोणी नव्याने समजावून सांगायला नको. घराच्या वळचणीला पाणी साठले, तर रोजच्या दोन-तीन खेपा वाचतात. त्यातून उरलेला तास विश्रांतीचा असेल, कमाईचा असेल किंवा अभ्यासाचा असेल. तो तिचा स्वतःचा असेल. म्हणूनच पन्हळ साफ करणे, टाकी धुणे, जाळी बदलणे ही कामे घरातील पुरुषांनी आणि मुलग्यांनी आपली मानली पाहिजेत. नाहीतर हंड्याऐवजी टाकीची चाकरी तिच्या नशिबी येईल आणि बदल नावापुरताच उरेल.

स्वतः साठवलेल्या पाण्याचा आणखी एक गुण आहे. ते मोजता येते. टाकीत काठी बुडवली की किती पाणी उरले, ते दिसते. आज किती वापरले आणि पावसाळ्यापर्यंत किती दिवस काढायचे आहेत, याचा हिशेब घरातील लहान मुलालाही कळतो. नळाला मर्यादा दिसत नाही, म्हणून नळाचे पाणी आपण निष्काळजीपणे सांडतो. टाक्याचा तळ मात्र दिसतो आणि तळ दिसू लागला की हात आपोआप आखडतो. काटकसरीचा धडा शंभर भाषणांनी मिळत नाही, तो एका टाक्याने मिळतो.

आपल्याकडे ‘आढ्याचे पाणी वळचणीला’ अशी एक म्हण आहे. छपराच्या सर्वांत उंच जागी, आढ्यावर पडलेले पाणी अखेर खाली वळचणीलाच येते, हा तिचा सरळ अर्थ. निसर्ग आपले काम चोख करतो. पाणी वळचणीपर्यंत आणून देतो. तेथे त्याला धरण्यासाठी भांडे आहे की नाही, एवढेच आपल्यावर सोपवलेले आहे. तेव्हा येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या छपराची लांबी-रुंदी मोजावी, आपल्या गावचा सरासरी पाऊस तलाठ्याकडून, कृषी कार्यालयाकडून किंवा वर्तमानपत्रातून जाणून घ्यावा आणि गुणाकार करून पाहावा. उत्तर आले की ते घरातील सर्वांना दिसेल असे भिंतीवर लिहून ठेवावे. दरवर्षी आपण किती पाणी दाराबाहेर घालवतो, हे तो आकडा सांगेल. तो एकदा डोळ्यांसमोर आला की त्यातील निदान एक पिंपभर पाणी घरी ठेवावे, असे वाटल्यावाचून राहणार नाही.